धाडस करा, पण दोर कोणी बांधलाय ते बघून : आयर्विन पुलापासून न्यूझीलंडपर्यंत

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी, आणि ऐकून झाल्यावर "ते शेवटचे प्रश्न जरा लिहून पाठवा" म्हणणाऱ्यांसाठी, नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना दोनदा-तीनदा आलेलं कापलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

या भागाचं निमित्त म्हणजे एकाच आठवड्यात आलेले दोन प्रश्न. पहिला आमच्या गल्लीतल्या काकूंचा. मुलगी-जावई न्यूझीलंडला असतात, दिवाळीत काका-काकू तिकडं चाललेत. जावयांनी क्वीन्सटाउनची सहल ठरवलीय. जेट बोट, झिपलाइन, आणि "आई, तुम्ही पण बंजी करा" असा आग्रह. काकूंचं वय अठ्ठावन्न, बीपीची गोळी चालू. मला म्हणाल्या, "तू हे सगळं वाचत असतोस, सांग बघू, करू का?"

दुसरा प्रश्न सांगलीतल्या एका श्रोत्या ताईंचा. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या ग्रुपनं इन्स्टाग्रामवर जाहिरात बघून पावसाळ्यात धबधब्यावर रॅपलिंग करायचं ठरवलंय. पैसे भरून झालेत. ताई विचारतात, "नको म्हटलं तर ऐकणार नाही, हो म्हटलं तर मला झोप लागणार नाही. नेमकं बघायचं तरी काय?"

प्रश्न दोन असले तरी उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे. ते आज जरा सविस्तर बघू.

दोन पूल

सांगलीकरांना आयर्विन पूल वेगळा सांगायला नको. १९२९ साली झालेला. कृष्णेला पूर आला की अख्खी सांगली पाणी बघायला या पुलावर जमते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे आकडे आपल्याकडं शाळेतल्या पोरालासुद्धा पाठ असतात. आणि दर पावसाळ्यात कोणीतरी पोरं कठड्यावर चढून पाण्यात उड्या टाकतात. पोलीस येतात, शिट्ट्या वाजतात, व्हिडिओ फिरतात. ही आपल्या सांगलीची घरची बंजी म्हणायची, फक्त दोराशिवाय.

आता दुसरा पूल. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, क्वीन्सटाउनजवळ, कावाराऊ नावाच्या नदीवर १८८० साली बांधलेला एक झुलता पूल आहे. वाहतुकीसाठी तो केव्हाच जुना झाला होता. तिथं १२ नोव्हेंबर १९८८ ला ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन अ‍ॅश या दोघांनी बंजी जंपिंगचा धंदा सुरू केला. उंची ४३ मीटर, म्हणजे साधारण चौदा मजले. जगभरातून माणसं पैसे मोजून तिथं उडी मारायला जातात.

ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. प्रशांत महासागरातल्या वानुआटू या बेटांच्या देशात, पेंटेकोस्ट बेटावरचे पुरुष लाकडी मनोऱ्यावरून घोट्याला वेली बांधून उडी मारतात, ती तिथली जुनी प्रथा आहे. तिच्यावरून सुचून १ एप्रिल १९७९ ला ऑक्सफर्डच्या डेंजरस स्पोर्ट्‌स क्लबच्या लोकांनी इंग्लंडमधल्या क्लिफ्टन पुलावरून रबरी दोर बांधून उड्या मारल्या. हॅकेटनं १९८७ मध्ये थेट आयफेल टॉवरवरून उडी टाकली आणि अटकही करून घेतली. त्यानंतर वर्षभरानं कावाराऊ.

आता मला सांगा, या दोन पुलांमध्ये जास्त भीती कुठं वाटेल? अर्थातच ४३ मीटरवर. आणि जास्त धोका कुठं आहे? आयर्विनवर. या दोन उत्तरांमधलं अंतर समजलं की आजचा निम्मा भाग झाला.

भीती एकीकडं, धोका दुसरीकडं

आयर्विनवरून पोरं पुरातच का उडी मारतात? कारण पाणी वर आलेलं असतं. पूल आणि पाण्यातलं अंतर कमी होतं, खोली भरपूर असते, म्हणून उडी सोपी वाटते. पण उंचीचा धोका जितका कमी झाला, त्याच्या कितीतरी पट प्रवाहाचा वाढला. पुराचं पाणी गढूळ. खाली वाहत आलेलं झाड आहे का, तारेचं कुंपण आहे का, दिसत नाही. पुलाच्या खांबांना पाणी आपटून मागं भोवरे तयार होतात. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथं काठाला लागायच्या आधी बराच खाली वाहत जातो. शिवाय कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंत त्या दिसतात आणि माणसांवर हल्लेही झालेत. यातलं काहीच वरून बघताना डोळ्यांना भीतीदायक वाटत नाही. वरून फक्त "पाणी जवळ आलंय" एवढंच दिसतं.

कावाराऊवर उलट आहे. खाली बघितलं की पोटात गोळा येतो. पण त्या भीतीच्या मागं एक साधी, कंटाळवाणी पद्धत उभी असते. तुमचं वजन घेतात, हातावर लिहितात, उडीच्या जागी पुन्हा बघतात. का? बंजीचा दोर रबराच्या शेकडो धाग्यांचा असतो. जड माणूस आला की तो जास्त ताणला जातो, हलका माणूस आला की कमी. म्हणून वजनानुसार दोर बदलतात. वजन चुकलं तर दोर चुकला, आणि दोर चुकला तर खाली अंतर उरत नाही. घोट्याला पट्टा, शिवाय कमरेला हार्नेस, म्हणजे एक सुटलं तरी दुसरं असतं. प्रत्येक दोराच्या किती उड्या झाल्या याची नोंद असते आणि ठरलेल्या आकड्यानंतर तो दोर दिसायला धडधाकट असला तरी बाद होतो.

थोडक्यात, चांगल्या साहसी खेळात भीती मुद्दाम ठेवलेली असते आणि धोका मुद्दाम काढून टाकलेला असतो. वाईट ठिकाणी दोन्ही तसेच राहतात. आणि सगळ्यात घातक जागा म्हणजे जिथं भीती वाटत नाही पण धोका पुरेपूर असतो. आपल्याकडं अशा जागा कितीतरी आहेत, त्यांच्याकडं शेवटी येतो.

काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच देऊन टाकतो. बंजीत खाली पोचल्यावर दोर ताणतो तेव्हा शरीराला झटका बसतो, आणि डोकं खाली असल्यानं रक्ताचा दाब डोळ्यांकडं, डोक्याकडं वाढतो. बंजीनंतर डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झाल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. म्हणून बीपी, काचबिंदू, पाठीचं दुखणं, हृदयाचा त्रास, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि फॉर्मवर खरं लिहायचं. "जावई काय म्हणतील" म्हणून बीपीची गोळी लपवायची नाही. काकू, तुम्ही झिपलाइनचं बघा, जेट बोटीआधीसुद्धा पाठीचं आणि बीपीचं डॉक्टरांशी बोलून घ्या. बंजी जावयांना करू दे, तुम्ही व्हिडिओ काढा.

न्यूझीलंड एवढं शिस्तीचं झालं कसं

लोकांना वाटतं, परदेश म्हणजे सगळं आधीपासूनच व्यवस्थित. तसं नाहीये. तिथली शिस्त माणसं गमावून आलीय.

१५ एप्रिल २००८. उत्तर बेटावरच्या मांगाटेपोपो नावाच्या घळीत एका शाळेची मुलं शिक्षकांबरोबर उतरली होती. प्रशिक्षक सोबत. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला आणि ओढ्याला लोंढा आला. मुलं कड्याच्या आधारानं थांबली, पाणी वाढत गेलं, बाहेर पडण्याचा प्रयत्न झाला. सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक गेले. त्याच वर्षी एका परदेशी तरुणीचा नदीतल्या साहसी खेळात मृत्यू झाला. तिच्या वडिलांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं.

मग सरकारनं या सगळ्या धंद्याची तपासणी केली आणि २०११ मध्ये नियम आले. त्यांचा गाभा सोपा आहे. पैसे घेऊन लोकांना धोकादायक खेळ खेळवणाऱ्या प्रत्येकानं बाहेरच्या, स्वतंत्र तपासनिसाकडून सुरक्षेची तपासणी करून घ्यायची. तपासणीत पास झालात तरच नोंदणी. नोंदणीची यादी सगळ्यांना बघायला खुली. मुदत संपली की पुन्हा तपासणी.

तरीही ९ डिसेंबर २०१९ ला व्हाकारी, म्हणजे व्हाइट आयलंड, या ज्वालामुखी बेटाचा उद्रेक झाला. बेटावर तेव्हा ४७ माणसं होती, त्यातली २२ गेली. उद्रेकाच्या तीन आठवडे आधी त्या ज्वालामुखीची इशारा पातळी १ वरून २ केलेली होती. सहली मात्र चालू राहिल्या. नंतरच्या चौकशीत नियम राबवणाऱ्या वर्कसेफ या सरकारी यंत्रणेच्याच देखरेखीत त्रुटी निघाल्या. म्हणून नियम पुन्हा बदलले. १ एप्रिल २०२४ पासून तिथं पूर, दरड, ज्वालामुखी अशा नैसर्गिक धोक्यांची माहिती पर्यटकाला आधी स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे.

यातून मी काय घेतो? दोर, हुक, हेल्मेट तपासता येतं. डोंगर आणि आभाळ तपासता येत नाही. त्यांच्याबाबत एकच उपाय चालतो : आज नको म्हणायची तयारी.

न्यूझीलंडची अजून एक गोष्ट काकूंसाठी. तिथं १९७४ पासून अपघात भरपाईची सरकारी योजना आहे, एसीसी म्हणतात. चूक कोणाची हे न बघता, परदेशी पाहुण्यालासुद्धा, अपघात तिथं झाला असेल तर उपचाराच्या खर्चात मदत मिळते. त्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. पण आजारपण, मुक्काम वाढला तर त्याचा खर्च, भारतात परत आणण्याचा खर्च त्यात येत नाही. म्हणून प्रवास विमा घ्यायचाच. आणि विमा घेताना साहसी खेळ त्यात धरलेत का हे विचारायचं. साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा ते वगळलेले असतात.

आता आपल्या घराकडं

माधवनगरातून गाडी काढली की दोन-अडीच तासांत आपण साताऱ्यात असतो. बेटांचा देश नसला तरी साहसाच्या बाबतीत हा पट्टा कुठं कमी नाही. एकेक बघू आणि प्रत्येक ठिकाणी नेमकं कशाकडं बघायचं ते सांगतो.

पाचगणीचं पॅराग्लायडिंग. कृष्णेचं खोरं खाली, पठारांच्या कडा वर, त्यामुळं कड्याला आपटून वर चढणारा वारा मिळतो. पावसाळा सोडून बाकीच्या महिन्यांत हंगाम. तुमच्या पाठीमागं पायलट असतो, त्याला टँडम म्हणतात. इथं वारा हाच रस्ता आहे. दुपारी जमीन तापली की गरम हवेचे जोरदार झोत उठतात, हवा खडबडीत होते. अनुभवी पायलटला ते चालतं, पहिल्यांदा बसणाऱ्याला सकाळ किंवा संध्याकाळ बरी. उड्डाणाआधी स्वतः तीन गोष्टी बघा : मांडीचे दोन्ही पट्टे लावलेत का, छातीचा पट्टा लावलाय का, आणि राखीव पॅराशूट आहे का. मांडीचे पट्टे राहून जाणं ही या खेळातली जगभरातली जुनी, जीवघेणी चूक आहे. घाईत होते, ओळखीतल्या माणसाकडूनही होते.

वासोटा. बामणोलीहून बोटीनं शिवसागर जलाशय पार करून, मेट इंदवलीला उतरून, दाट जंगलातून चढायचं. कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा हा भाग. वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंद असतो, आणि संध्याकाळच्या आत परत यावं लागतं. लोकांना हा नियम जाचक वाटतो. पण त्या जंगलात गवे आहेत, अस्वलं आहेत, मोबाइलला रेंज नाही, आणि परतीचा रस्ता पाण्यावरून आहे. अंधार पडल्यावर पाय मुरगळला तर मदत पोचायला किती वेळ लागेल याचा हिशोब करा.

बोट म्हटली की लाइफ जॅकेट. तापोळा, बामणोली, आणि २०२४ पासून जावळी तालुक्यातल्या मुनावळ्याला सुरू झालेलं जलपर्यटन, सगळीकडं हे लागू. आपल्या भागात तरी हे कोणाला समजावून सांगावं लागू नये. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. माणसं जास्त बसली होती आणि लाइफ जॅकेट नव्हती. ती माणसं मौजेसाठी नव्हती गेली, जीव वाचवायला निघाली होती. आपण तर हौसेनं बसतो, आणि जॅकेट मांडीवर ठेवून फोटो काढतो.

जॅकेट बसलंय का याची सोपी परीक्षा : सगळे पट्टे आवळून झाले की दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या, कानाच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगेल आणि तुम्ही खालून निसटाल. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घालणं म्हणजे न घातल्यासारखंच.

धबधब्यावरचं रॅपलिंग, म्हणजे ताईंच्या मुलाचा प्रश्न. कोरड्या कड्यावर दोरानं उतरणं वेगळं आणि पडत्या पाण्यातून उतरणं वेगळं. पाण्याच्या आवाजात वरच्याची हाक खाली ऐकू येत नाही, म्हणून शिट्टीच्या खुणा आधी ठरलेल्या हव्यात. ज्या दोरावरून तो उतरतोय त्याशिवाय वरून धरलेला दुसरा दोर हवा. दोन्ही दोर वेगवेगळ्या आधाराला बांधलेले हवेत. एकाच झाडाला सगळं बांधलेलं दिसलं तर तिथूनच परत फिरायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणी मध्येच अडकलं, केस किंवा टी-शर्ट डिसेंडरमध्ये गुंतला, तर वरून दोर सोडून त्याला खाली घेता आलं पाहिजे. थंड पाण्याच्या माऱ्याखाली हार्नेसमध्ये लटकून राहिलेल्या माणसाकडं फार वेळ नसतो. ताई, मुलाला हे एकच विचारायला सांगा : "मी मध्ये अडकलो तर तुम्ही मला किती मिनिटांत आणि कसं खाली घ्याल?" ज्याला काम येतं तो लगेच, हातानं करून दाखवत सांगतो. ज्याला येत नाही तो म्हणतो, "अरे काही होत नाही, आम्ही शेकडो लोकांना उतरवलंय."

झिपलाइन आता रिसॉर्टा-रिसॉर्टात आलीय. २०२५ च्या जानेवारीत भोर तालुक्यातल्या एका ठिकाणी झिपलाइनला अडकवण्याच्या आधीच मचाणावरून पडून एका तरुणीचा जीव गेला. त्याच आठवड्यात गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक पर्यटक आणि तिचा पायलट दोघंही गेले, आणि तो धंदा विनापरवाना चालल्याचं समोर आलं. भोरच्या घटनेतून एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. धोका तारेवर असतो असं आपल्याला वाटतं, पण मचाणसुद्धा तितकंच उंच असतं. म्हणून मचाणावर पाय ठेवताक्षणी हार्नेसचा एक हुक कशाला तरी अडकवलेला हवा, आणि तारेवर जाईपर्यंत एका क्षणासाठीही दोन्ही हुक मोकळे असता कामा नयेत.

आपल्याकडं नियम नाहीत का?

आहेत. महाराष्ट्र सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या साहसी उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी सक्तीची केली. प्रशिक्षित माणसं, साहित्य, विमा, आपत्कालीन तयारी यांच्या अटी घातल्या.

कागदावर आपलं धोरण आणि न्यूझीलंडचे नियम यांत फार अंतर नाही. फरक पडतो तो गिऱ्हाईक विचारतं की नाही यानं. तिकडं नोंदणी नसलेल्याकडं बुकिंग करणं म्हणजे लोकांना वेडेपणा वाटतो. आपण जाहिरातीत जेवण व्हेज का नॉनव्हेज विचारतो, पिकअप कुठून ते विचारतो, आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजतो.

अजून एक. "मी माझ्या जबाबदारीवर येत आहे" अशा फॉर्मवर सही घेतात. सही केली म्हणजे आयोजकाची सगळी जबाबदारी संपली असं नाही. निष्काळजीपणामुळं मृत्यू झाला तर तो फौजदारी गुन्हा आहे, आणि सदोष सेवेसाठी ग्राहक आयोगाकडं जाता येतं. पण मंडळी, हे सगळं नंतरचं. गेलेला माणूस त्यातून परत येत नाही.

दोर टाकून खाली कोण उतरतं?

अपघात झाल्यावर पहिला फोन ११२ ला किंवा १०८ ला जातो. पण घाटात, दरीत प्रत्यक्ष उतरतं कोण? बऱ्याचदा स्थानिक गिर्यारोहक. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वर ट्रेकर्सची पोरं दोर लावून खाली उतरली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये साताऱ्याजवळ बोरणे घाटात फोटो काढताना एक तरुणी दरीत पडली. तिला शिवेंद्रसिंहराजे रेस्क्यू टीमच्या मंडळींनी आणि होमगार्डच्या जवानानं वर काढलं, वाचवलं. ही माणसं दुकान, नोकरी, शेत सोडून येतात. आपल्या एका सेल्फीसाठी ती पावसात ओल्या कड्यावर स्वतःचा जीव टांगतात. हा हिशोबही आपल्या मौजेत धरायला हवा.

फुकटचा थरार

आता तिसऱ्या प्रकाराकडं येतो, जिथं भीती वाटत नाही आणि धोका पुरेपूर असतो. धबधबा, बंधारा, ओढा. तिकीट नाही, हेल्मेट नाही, घोटाभर पाणी. कोणाला भीती वाटेल?

जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब एकमेकांना धरून उभं होतं. पाणी वाढलं आणि पाच जण वाहून गेले. मांगाटेपोपोत जे घडलं तेच. सह्याद्रीत पाऊस पडतो वरच्या सड्यावर. कातळ सडा पाणी पीत नाही, सगळं ओढ्यात सोडतो. आपण जिथं उभे असतो तिथं ऊन असलं तरी वरचं पाणी थोड्या वेळात खाली पोचतं. ठोसेघर असो, कास-बामणोलीचा रस्ता असो, खुणा सारख्याच : पाण्याचा रंग अचानक गढूळ होणं, पाला-काटक्या वाहत येणं, आवाज बदलणं. यातलं एक जरी दिसलं तरी सामान सोडायचं आणि बाजूला, वरच्या अंगाला चढायचं. पलीकडच्या काठावर अडकलात तर तिथंच थांबायचं. ओढा उतरतो. थांबलेला माणूस भिजतो, उपाशी राहतो, पण घरी येतो.

ते सात प्रश्न

लिहून घ्या, नाहीतर फोटो काढून ठेवा.

१. पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी आहे का? प्रमाणपत्राचा फोटो पाठवा.

२. आमच्याबरोबर प्रत्यक्ष कोण असणार? त्यानं प्रशिक्षण कुठून घेतलंय? (ऑफिसात बसलेल्याचं प्रमाणपत्र चालणार नाही.)

३. एका प्रशिक्षकामागं किती माणसं?

४. एक गोष्ट तुटली, सुटली तर दुसरी कुठली आहे?

५. कोणी अडकलं किंवा जखमी झालं तर काय कराल, आणि जवळचं हॉस्पिटल कुठलं?

६. विमा आहे का, आणि तो आमचा आहे की फक्त तुमच्या साहित्याचा?

७. हवामान बिघडलं तर कोण रद्द करणार, आणि पैसे परत मिळणार का?

सातवा प्रश्न सगळ्यात मोठा. रद्द केल्यावर ज्याचे पैसे बुडतात, त्याला वारा ठीकच वाटतो, पाणी कमीच वाटतं. म्हणून पैसे परत देणारा आयोजक शोधा. आणि आपणही रद्द झाल्यावर त्याच्याशी भांडू नका. "एवढ्या लांबून आलोय, एक राउंड तरी करा" ही गिऱ्हाइकाची गळ त्याला नको ते करायला लावते.

ताईंना माझं सांगणं असं, की मुलाला नाही म्हणू नका. त्याला हे सात प्रश्न द्या आणि म्हणा, उत्तरं घेऊन ये, मग जा. या वयात धाडस करावंसं वाटणं चांगलंच आहे. डोंगरात गेलेलं पोरगं दोर बांधायला शिकतं, दुसऱ्यासाठी थांबायला शिकतं. पाच प्रश्नांची उत्तरं नीट आली नाहीत तर तोच म्हणेल, दुसरा ग्रुप बघू. आणि अगदी सुरुवातच करायची असेल तर आपल्या जवळ दंडोबाचा डोंगर आहे, सागरेश्वर आहे. आधी चालायची सवय करा, पाणी किती लागतं, दमल्यावर डोकं कसं चालतं हे कळू दे. दोराचं नंतर.

तुमच्यापैकी कोणी पाचगणीला उडालंय, वासोटा केलाय, किंवा एखाद्या आयोजकाला हे प्रश्न विचारून बघितलेत, तर काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. चांगली उत्तरं पुढच्या भागात वाचून दाखवतो. आणि पाऊस सुरू झालाय, आयर्विनवर पाणी बघायला जाल तेव्हा कठड्यावर कोणी चढताना दिसला, तर आधी त्याला खाली ओढा, मोबाइल नंतर काढा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, फिरत राहा.